बिननावी जौनपुरी

दर रविवारी सकाळी साडेआठला आम्ही सात-आठ माणसं गंगापूर रोडवर एका डेंटिस्टच्या घरी जमतो आणि गाणं ऐकतो. गात कुणीच नाही. फक्त ऐकायचं, आणि ऐकून झालं की भांडायचं. डेंटिस्टकडे मोठे स्पीकर आहेत आणि अजून चालणारा एक कॅसेट डेक आहे, ज्याची तो आपल्या पेशंटांच्या दातांपेक्षा जास्त काळजी घेतो. प्रत्येकाने आठवडाभरात जे ऐकलं, जे आवडलं, त्यातलं एक काहीतरी घेऊन यायचं. कुणी पेन ड्राइव्ह आणतं, कुणी फोनवरूनच लावतं, कुणी वडिलांच्या वेळची कॅसेट रुमालात गुंडाळून आणतं. साडेअकराला सभा संपते आणि मग मिसळ. मिसळीशिवाय रविवार झाला असं नाशकात कुणी धरत नाही, आणि संगीताचे रसिक झालो म्हणून आम्हाला भूक कमी लागते असंही नाही.

मी या मंडळात आठ-नऊ वर्षं आहे. कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. शाळेपासून एम.एस्सी. होईपर्यंत मी गाणं शिकत होते, मग सोडलं. का सोडलं याची मी लोकांना वेगवेगळी कारणं सांगते. खरं कारण एवढंच की मला जेवढं कळत होतं तेवढं गळ्यातून येत नव्हतं, आणि ते मला सहन होत नव्हतं. गळा गेला, कान राहिले. मग त्या कानांचाच मी तोरा मिरवायला लागले. गाणारा कुठल्या घराण्याचा, कुणाकडे शिकला असेल, तान कुठे कच्ची आहे, हे मी पहिल्या दोन मिनिटांत सांगायची, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. जीभ पहिल्यापासून तिखट. मंडळातले लोक तिला घाबरत आणि तिची मजाही घेत. "होऊ द्या मॅडम," असं कुणी म्हटलं की मला चेव चढायचा.

'बिननावी'ची टूम माझीच. आमच्या मंडळाला एक रोग होता. मोठं नाव कानावर पडलं की पहिला सूर लागायच्या आत 'वा' निघायची. म्हणून मी सुचवलं की दर रविवारचं शेवटचं ध्वनिमुद्रण बिननावी लावायचं. कोण गातंय ते आणणाऱ्याने सांगायचं नाही. सगळ्यांनी ऐकायचं, मनात येईल ते बेधडक बोलायचं, आणि मग त्याने नाव फोडायचं. पहिल्याच महिन्यात डेंटिस्टने स्वतःच्या सगळ्यात लाडक्या गायकाला 'दमलेला म्हातारा' ठरवलं. नाव कळल्यावर त्याचं जे तोंड झालं ते आठवून आम्ही पुढचे तीन रविवार हसत होतो. तेव्हापासून सगळे बिननावीचीच वाट बघू लागले. खरं सांगायचं तर गाण्यापेक्षा एकमेकांना पकडण्यातच जास्त मजा यायला लागली होती, आणि त्यात सगळ्यात पुढे मी होते.

आमच्यात पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्षबागाईतदार आहेत. रागाची नावं त्यांना चार-पाचच येतात, पण ऐकायची भूक मोठी. जानेवारी ते मार्च त्यांची द्राक्षं उतरतात. मजूर, टेम्पो, पॅकहाउस, यातून रविवार कसला मोकळा मिळतो. म्हणून त्या तीन महिन्यांत डेंटिस्ट आमची अख्खी सभा फोनवर रेकॉर्ड करतो. गाणं, वाद, कपबशांचे आवाज, सगळं. दुपारी ते ग्रुपवर टाकतो आणि बागाईतदार पॅकहाउसमध्ये फिरता फिरता कानात घालून ऐकतात. इतर कुणी ते ऐकत नाही. आपणच केलेली बडबड पुन्हा कोण ऐकणार?

आता काकांबद्दल. काका नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. नाशिक रोडला राहतात. तिथून सिटी बसने सीबीएस स्टँडला येतात आणि पुढे रिक्षाने. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, पायातल्या चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवणार. मी वयाने त्यांच्याहून इतकी लहान, तरी ते मला मॅडम म्हणतात. सभेत ते क्वचित बोलतात. काहीही लावलं तरी त्यांचा अभिप्राय ठरलेला असतो, "छान वाटलं." ते जे आणायचे तेही सगळ्यांच्या घरी असतंच असं. मी मनातल्या मनात त्यांना कधीच बाद केलं होतं. माणूस चांगला, कान सामान्य, असा माझा शेरा होता. मी परीक्षेचे पेपर तपासते, शेरे मारायची सवय जात नाही.

गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी काका म्हणाले, "आज बिननावी माझ्याकडून लावू का?" याआधी त्यांनी ते कधी आणलं नव्हतं. डेंटिस्ट म्हणाला, "अरे वा, काका मैदानात उतरले." त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली एक कॅसेट काढली. लेबल कोरं होतं. तोवर अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती, आधीच्या दोघांनी लांबण लावली होती, आणि माझ्या पोटात कावळे ओरडत होते.

जौनपुरी राग होता. बाईचा आवाज, तरुण. तबला, पेटी. मागची खरखर ऐकून कळत होतं की घरगुती बैठकीतलं मुद्रण आहे. मध्य लयीतली बंदिश. मी अस्ताई ऐकली. दोन ताना ऐकल्या, त्यातली दुसरी गडगडली. बस. मला जे कळायचं ते कळलं होतं.

"आवाज बरा आहे," मी म्हटलं. "पण तान कच्ची, आणि हे गाणं नाही, पाठांतर आहे. बाईंनी वहीत लिहून दिलंय आणि ही घडाघडा म्हणून दाखवतेय." कुणीतरी हसलं. मला तेवढं पुरतं. मी पुढे म्हणाले, "अशा बायका विशारद होतात, मग लग्न करतात, आणि मग पेटीवर कव्हर घालतात. ते कव्हर मात्र छान शिवलेलं असतं." यावर सगळेच हसले. डेंटिस्टला तर ठसका लागला. मग मिसळीला आज कॉलेज रोडला जायचं की गावात, यावर बोलणं गेलं, त्यावरही मी काहीतरी बोलले, आणि कॅसेट तिकडे आपली वाजत राहिली.

संपल्यावर डेंटिस्टने विचारलं, "हं काका, फोडा नाव."

"नाव नाही लिहिलेलं," काका म्हणाले. "जुन्या बाजारात मिळाली." तेही थोडं हसले. डेकमधून कॅसेट काढून त्यांनी करंगळीने तिची टेप हलकेच ताणून घेतली, पिशवीत घातली, पिशवी खिशात ठेवली. मिसळीला चला म्हटलं तर ॲसिडिटी झालीय म्हणाले आणि बससाठी निघून गेले. मला काही वाटलं नाही. मी त्या दिवशी दोन पाव जास्त खाल्ले.

गुरुवारी ग्रुपवर बागाईतदारांचा आवाजी निरोप आला. मागे क्रेट आपटल्याचे आवाज येत होते. "नमस्कार मंडळी. ते शेवटचं गाणं कोणाचं होतं हो? लय गोड बाई हाय ती. पण अंतऱ्याला तुम्ही सगळे बोलत होते, नीट ऐकूच नाय आलं. काका, परत एकदा लावा ना. मी तासभर काढून येतो."

मला राग आला. ज्याला जौनपुरी आणि आसावरीतला फरक सांगता येत नाही त्याने आम्हाला ऐकायला शिकवावं, याचा राग. त्यांना सविस्तर उत्तर लिहावं, तान कुठे घसरली ते मिनिट-सेकंदासकट दाखवून द्यावं, म्हणून मी संध्याकाळी भाजी निवडता निवडता ते रेकॉर्डिंग लावलं.

डेंटिस्टचा फोन त्या दिवशी माझ्याच समोरच्या टीपॉयवर होता. त्यामुळे त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा. गाणं मागे, पडद्याआड. माझं 'पाठांतर' आलं, माझं 'कव्हर' आलं, हशा आला. मी माझ्या बोलण्याच्या मागचं ऐकायचा प्रयत्न करत होते. कानात इअरफोन घातले आणि पुन्हा लावलं. अंतरा सुरू झाला होता. ती कोमल धैवतावर येऊन थांबली होती. वरचा षड्ज समोर दिसत असताना ती तिथे जात नव्हती. मी बोलत होते. ती पुन्हा धैवतापर्यंत आली आणि पुन्हा थांबली. मी मिसळीचं बोलत होते. तिसऱ्या खेपेला मी श्वास घ्यायला थांबले असेन, तेवढ्या फटीतून तो षड्ज ऐकू आला. कसलंही जोर लावणं नाही, मिरवणं नाही. घरातलं माणूस घरात यावं तशी ती तिथे आली होती. लगेच आमच्या हसण्याने ते झाकलं. हसण्याच्या तळाशी त्या बैठकीतलं कुणीतरी, बहुतेक तबलजी, 'आहा' म्हणाला होता.

मी सात-आठ वेळा ऐकलं. भाजी तशीच राहिली. वहीतून असं काही येत नाही, हे मला कळत होतं. मी दहा-बारा वर्षं ज्यासाठी धडपडले आणि जे मला कधी आलं नाही, ते हेच होतं. चुकीचं मत दिलं याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. मतं चुकतात. मी ऐकलंच नव्हतं, आणि ऐकल्यासारखं बोलले होते. माझ्यापाशी मिरवायला एकच गोष्ट होती, तीही त्या दिवशी मी बंद ठेवली होती. बागाईतदारांना मी उत्तर लिहिलं नाही.

पुढचे दोन रविवार काका आले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना फोन केला. "काका, ती कॅसेट मला हवी होती. माझी नीट ऐकायची राहिली."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला, ते बाल्कनीत गेले असावेत. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, ती जुन्या बाजारातली नाही. घरची आहे. हिची आहे."

हिची म्हणजे त्यांच्या पत्नीची. आम्ही कुणी काकूंना पाहिलेलं नव्हतं, त्या गातात किंवा गायच्या हे कुणाला माहीत नव्हतं. काकांनी मग सगळं सांगितलं. लग्नाआधी, चोवीस वर्षांची असताना, गुरुपौर्णिमेला गुरुजींच्या घरी त्या गायल्या होत्या, त्याची ती कॅसेट. तेवढी एकच. मग लग्न, काकांच्या शिफ्ट, सासूबाईंचं अंथरूण, दोन मुलं. गाणं मागे पडलं ते पडलंच. काका निवृत्त झाल्यापासून मागे लागले होते, आता गा. त्या हसण्यावारी नेत. शेवटी यंदा संक्रांतीच्या सुमारास त्या म्हणाल्या, तुमच्या आवडण्याला काय अर्थ आहे, तुम्हाला माझं सगळंच आवडतं. एवढे जाणकार लोक आहेत ना तुमच्याकडे, त्यांना नाव न सांगता ऐकवा. त्यांना आवडलं तर बसते पुन्हा रियाजाला. शब्द देते.

"मग तुम्ही घरी काय सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं, सगळ्यांना आवडलं. तुमचा विशेष उल्लेख केला. मॅडम म्हणाल्या, हा आवाज वाया जाता कामा नये." मग आणखी हळू म्हणाले, "खोटं बोललो. पण आता तुम्ही एवढं सांभाळून घ्या. तिला तुम्हाला भेटायचंय. घरी बोलवा म्हणतेय."

मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी फार वाईट बोलले."

"अहो नाही, तुम्ही मनातलं बोललात. तोच तर नियम आहे." हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. नियम कुणी केला होता ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

शनिवारी दुपारी मी नाशिक रोडला गेले. बागाईतदारांनी सगळ्यांना द्राक्षांच्या पेट्या पाठवल्या होत्या, त्यातली माझी तशीच उचलून नेली. दुसरं काय न्यावं सुचत नव्हतं. द्वारका चौकातल्या सिग्नलवर अडकले तेव्हा दोनदा वाटलं की परत फिरावं आणि डोकं दुखतंय म्हणून कळवावं.

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. काकू लहानखुऱ्या, सुती साडीतल्या, जाड चष्म्याच्या. "या, या," म्हणाल्या, आणि माझ्या हातातली पेटी घेताना माझा हात क्षणभर धरून ठेवला. काका खूश होते. इतके खूश मी त्यांना सभेत कधी पाहिलं नव्हतं. कोपऱ्यातल्या टेबलावर विणलेल्या रुमालावर एक कोरा करकरीत इलेक्ट्रॉनिक तानपुरा होता. "त्या रविवारी तुमच्याकडून निघालो तो थेट दुकानात गेलो," ते म्हणाले आणि त्यांनी तो लावूनही दाखवला. खोली सुरांनी भरली. काकूंनी उठून तो बंद केला. "पाहुण्यांशी बोलू द्या की," त्या म्हणाल्या.

"पण नशीब बघा मॅडम," काका म्हणाले. "यंत्र आलं आणि हिचा घसा धरला. आवाज लागतच नाही म्हणते. ज्येष्ठमध झालं, हळददूध झालं, गुळण्या चालूच आहेत." मग एकदम आठवल्यासारखं करून म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी काय म्हणालात ते सांगा ना हिला. माझ्या तोंडून ऐकलंय, तुमच्या तोंडून ऐकू दे."

तीस वर्षं मी वर्गात बोलतेय. एवढं एक वाक्य बोलताना मला घाम फुटला. "हा आवाज वाया जाता कामा नये," मी म्हटलं. काकू माझ्याकडे शांतपणे बघत होत्या. "हो का," त्या म्हणाल्या. "थँक्यू." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना कसल्यातरी मोठ्या संकटातून सोडवलंय.

तेवढ्यात खालून वॉचमनची हाक आली. पाण्याचा टँकर आला होता आणि काकांची स्कूटर त्याच्या वाटेत होती. काका किल्ली घेऊन खाली गेले. त्यांची पावलं जिन्यात खाली उतरेपर्यंत काकू गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मी ऐकलंय ते."

"काय?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

"त्या रविवारचं. तुमच्या ग्रुपवर येतं ना. यांच्या फोनची मेमरी भरली की मीच साफ करते, यांना जमत नाही. पुसण्याआधी काय आहे बघावं म्हणून लावलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "ते कव्हरचं ऐकून मला आधी हसूच आलं. आहे माझ्या पेटीवर कव्हर. मीच शिवलंय."

मी म्हटलं, "काकू, मी चुकले. मला क्षमा करा." आणखी काय म्हणाले आठवत नाही. डोळे भरून आले होते आणि त्याचीही लाज वाटत होती, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

"तान कच्ची होती, ते बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "गुरुजीही ओरडले होते त्या दिवशी. त्याचं मला काही नाही. पण अंतऱ्याला तुम्ही बोलत होता. वाईट म्हणण्यासाठी तरी ऐकायचं की नाही माणसाने?"

मी घाईघाईने सांगितलं की नंतर मी ते ऐकलं, सात-आठ वेळा ऐकलं, तो धैवत, तो षड्ज, तसं मी फार थोड्यांकडून ऐकलंय. खरं तेच सांगत होते. त्यांनी मान हलवली. "आता म्हणताय ना. आता तुम्हाला माहीत आहे कोण गातंय."

नाव कळल्यावर दिलेल्या 'वा'ला किंमत नसते, हे मीच सगळ्यांना पटवलं होतं. माझ्याजवळ त्यांना देण्यासारखं जे एकच होतं, ते द्यायची वेळ एकदाच आली होती आणि तेव्हा मी मिसळीचं बोलत होते. तरी मी चाचपडले. म्हटलं, आमच्यातल्या पिंपळगावच्या बागाईतदारांनी नाव माहीत नसतानाच विचारलंय, लय गोड बाई हाय म्हणाले.

"तेही ऐकलं. चार वेळा ऐकलं. पुसलं नाही अजून," काकू म्हणाल्या. "बरं वाटलं. पण त्यांना तरी कुठे ऐकू आलं? ज्याला ऐकायचं होतं त्यालाही तुम्ही ऐकू दिलं नाहीत."

खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. मी विचारलं, "आणि घसा?"

"घशाला काय धाड भरलीय," त्या म्हणाल्या. "हे इतक्या आनंदात सांगत आले, सगळ्यांना आवडलं म्हणून. यांना खोटं कसं पाडू? आणि आवडलं तर बसेन असा शब्द देऊन बसलेली. मग घसा धरला म्हटलं. पेटी काढून बघितली मी एकदा, हे बाहेर गेलेले असताना. पहिला सूर लावला की तुमचं हसणं ऐकू येतं." मग म्हणाल्या, "यांना कळू द्यायचं नाही हं. मला कळलंय हे यांना कळलं तर हे तुमच्याकडे पाय ठेवणार नाहीत. आणि यांना रविवारशिवाय दुसरं काही नाही. तुम्ही मला शब्द द्या."

मी शब्द दिला. तो पाळायचा म्हणूनच इथे कुणाचं नाव घेतलेलं नाही. काका वाचत नाहीत, ते फक्त ऐकतात, एवढ्या भरवशावर हे लिहितेय. हा भरवसा कितपत पक्का आहे कोण जाणे. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं, आणि हेसुद्धा माझ्याच सोयीसाठी आहे, हे मला दिसतंय. शेवटी मी म्हटलं, "काकू, पण तुम्ही गा." त्या म्हणाल्या, "बघू." आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय असतं ते कुणाला वेगळं सांगायला नको.

काका धापा टाकत जिना चढून आले. बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, तुमच्या ओळखीत घशाचे कुणी चांगले डॉक्टर आहेत का? मला घरगुती औषधांवर आता विश्वास नाही. एकदा दुर्बीण घालून बघू दे." मी काकूंकडे पाहिलं. त्या द्राक्षांचे घड काढून ताटात लावत होत्या, मान वर केली नाही. माझा एक जुना विद्यार्थी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. मी त्याचं नाव आणि नंबर सांगितला. काकांनी खिशातलं पेन काढून तो कॅलेंडरच्या पानावर लिहून घेतला आणि खाली दोन रेघा मारल्या.

त्यानंतर काका पुन्हा रविवारी यायला लागले. बिननावी मी बंद करायला लावलं. कंटाळा आला म्हटलं, कुणी फार विचारलं नाही. हल्ली काहीही लावलं की मी शेवटपर्यंत गप्प असते, आणि सगळ्यांना वाटतं माझी तब्येत बरी नाही. बागाईतदार द्राक्षं संपवून आले तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "काका, ती जौनपुरीवाली बाई?" काका म्हणाले, कॅसेट कुठे ठेवलीय ते सापडत नाही. "बघा बरं नीट," बागाईतदार म्हणाले. "अंतरा राहिलाय माझा."

एप्रिलमध्ये एका सकाळी काकांचा फोन आला. मी कॉलेजात पेपर तपासत बसले होते.

"मॅडम, जाऊन आलो तुमच्या डॉक्टरांकडे. फार चांगले आहेत, तुमचं नाव सांगितल्यावर लगेच आत घेतलं. सगळं तपासलं. गळा अगदी स्वच्छ आहे म्हणाले, सूज नाही, काही नाही. या वयात असा गळा बघायला मिळत नाही म्हणाले." त्यांचा आवाज आनंदाने वर गेला होता. मग तो खाली आला. "पण मग ही गात का नाही? मला काही कळत नाही. मी आपला प्रेसमधला माणूस. तुम्हाला गाण्यातलं कळतं म्हणून तुम्हाला विचारतो. हिचं नेमकं अडतंय कुठे?"

माझ्यासमोर उघडा पेपर होता, हातात लाल पेन होतं. काकूंना दिलेला शब्द होता.

"हवा बदलतेय काका," मी म्हटलं. "थोडे दिवस जाऊ द्या."

"हो, मलाही तसंच वाटलं होतं," ते म्हणाले. "एवढी पळापळ करता तुम्ही आमच्यासाठी. मॅडम, तुमचे उपकार आहेत हो आमच्यावर."

"काहीतरीच काय, काका," मी म्हणाले.